न दिसणारे किडे

कल्पना करा बाळांनो, तुमच्या सख्ख्या भावाला हातावर किडे चालताना दिसताहेत आणि तुम्हाला एकही दिसत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात दादाला भेटायला गेलेल्या धाकट्या बहिणीचं तसंच झालं. मेथ नावाच्या नशेनं तिच्या वायरमन दादाची झोप उडाली होती, दात पडायला लागले होते. तो रक्त येईस्तोवर हात खाजवत होता.

"चिमणे, तुला तरी दिसतात ना?"

खोटं हो म्हणू नकोस, त्याची भीती वाढेल, असं नर्सताईंनी बजावलं होतं.

"नाही रे दादा."

"म्हणजे तूही मला वेडा म्हणणाऱ्यांतलीच." त्यानं तोंड फिरवलं.

 धाकटीनं नर्सताईंकडून नेलकटर मागून आणलं, त्याचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून नखं कापायला लागली.