बुवांचा हात वर गेला की

औंढ्याला नागनाथासमोर बंडोपंत कीर्तनाला उभे राहिले, की त्यांच्या मागं झांज घेऊन विश्वंभर उभा, हे ठरलेलंच. मिसरूड फुटायच्या कितीतरी आधीपासून पोराची ती जागा. बुवा रंगात यायचे, बोलता बोलता उजवा हात वर करून एकदम थांबायचे, आणि त्या थांबण्यात विश्वंभरचा स्वर उठायचा, "विठ्ठल! विठ्ठल!" मग सारं देऊळ त्याच्यामागून.

असा हा विश्वंभर मॅट्रिक झाला आणि हैदराबादच्या कॉलेजात अर्ज करून बसला. आई सुमनबाई म्हणाली, "अहो, मग तुमच्या मागं कोण?" बंडोपंत भर कीर्तनातच सांगून मोकळे झाले, "आमचं लेकरू कॉलेजात चाललं बरं का मंडळी!" आता मागं फिरायची सोयच उरली नाही.

कॉलेजात इतिहास शिकवणारे काझमीसाहेब उर्दूत असे बोलायचे, की ऐकणाऱ्यानं देहभान विसरावं. एके दिवशी पानिपताचं रण रंगलं. साहेबांचा आवाज चढत गेला, उजवा हात वर गेला, आणि साहेब थांबले.

"विठ्ठल! विठ्ठल!"

उसन्या शेरवानीतल्या विश्वंभरनं खणखणीत टाळी देऊन स्वर लावला होता.

वर्ग जागच्या जागी थिजला. शेजारचा गुलाबसिंग पुटपुटला, "मर गया तू, पंडित!" हे आपल्याच गळ्यातून निघालं यावर विश्वंभरचा विश्वास बसेना. आता नाव कापणार. मग बाबांनी कोणत्या तोंडानं देवळात उभं राहायचं?

"ये क्या था?" साहेबांनी विचारलं.

"साब, वालिद कीर्तन करते हैं. वो हाथ उठाके रुकते, तो पीछे से मैं..."

काझमीसाहेबांनी वर पाहिलं. हात अजून वरच होता. त्यांनी तो हळूच खाली घेतला.

"और अब उनके पीछे कौन है?"

शिक्षेची तयारी होती, या प्रश्नाची नव्हती.

दसऱ्याच्या सुटीत विश्वंभर तोच प्रश्न डोक्यात घेऊन घरी निघाला, तो कॉलेज सोडायचं मनाशी पक्कं करूनच. थेट देवळात गेला आणि खांबाशीच थबकला. बाबांच्या मागं झांज घेऊन तारा उभी! त्याची धाकटी बहीण! बाईमाणूस कीर्तनात मागं उभं राहिलेलं औंढ्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

तो भानावर येऊन मागच्या बाजूनं तिच्याजवळ गेला. "तारे, दे ती झांज. मी आलो आता."

तारानं ताल चुकू दिला नाही. "काहून? तुला कॉलेज न्हाई? जा, समोर जाऊन बस."

तो मुकाट्यानं समोर बसला. इतकी वर्षं कीर्तनात त्यानं बाबांची पाठच पाहिली होती. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळलेला, डोळे मिटलेले, चेहरा एखाद्या लहान लेकरासारखा. हे आपले बाबा? तो बघतच राहिला. हात वर गेला, सारं देऊळ गर्जलं, याचा स्वर काही फुटला नाही.

बंडोपंतांनी डोळे उघडले.

"काय हो कॉलेजवाले, सुटी संपली की परत जाणार ना?"

"व्हय, बाबा."

"मग म्हणा की!" म्हणून बुवांनी हात पुन्हा वर केला.

तारानं स्वर लावला, आणि विश्वंभर तिच्या मागून म्हणाला, "विठ्ठल! विठ्ठल!"