माळवदावरची परात

मला उपडी घालू नका हो, तोंड भुईला लागलं की बोलता येत नाही! हां, अशी. मी सास्तूरच्या बिबीजानची परात. अस्सल तांब्याची, आतून कल्हईनं पांढरीशुभ्र. पराती घरोघरी असतात. पण विमानाशी बोललेली परात दुसरी कुणी दाखवावी, मी आपल्या पायानं मोडीत जाईन!

सोलापूरच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. बिबीजानच्या लग्नात तिच्याबरोबर मी या घरात आले. किती जेवणावळींचा भात माझ्यात उपसला, किती कणीक तिंबली! मग गावात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी आली आणि मी गेले कोपऱ्यात. माझ्यात काय ठेवलं? लसणाच्या गड्ड्या!

नशीब उघडलं ते आयुबमुळं. आयुब बिबीजानचा एकुलता एक. बाप लवकर गेला, मामानं हैदराबादला नेऊन शिकवला, आणि पोरगं थेट विमान चालवायला लागलं. हट्टी मात्र पहिल्यापासनं. लहान होता तेव्हा अम्मा जेवायची थांबली असेल म्हणून पूर आलेल्या ओढ्यात उडी टाकून घरी आला होता!

हैदराबादहून मुंबईला जाणारं त्याचं डकोटा विमान उन्हं कलताना आमच्या गावावरनंच जायचं. सुट्टीला आला की म्हणायचा, "अम्मा, वरनं सगळी माळवदं सारखीच दिसत्यात. आपलं घर काय घावत न्हाय."

एकदा बिबीजाननं मला चिंचेनं घासून उन्हात धरलं, तर माझी तिरीप नेमकी आयुबच्या डोळ्यात! तो ओरडलाच, "हेच! अम्मा, हेच दाखव मला!"

झालं, माझी बदली घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर. घरघर कानी आली की बिबीजान मला उन्हाला धरून हलवायची. वर आयुब पंख जरासा कलवायचा, आतल्या लोकांचा चहा सांडणार नाही एवढाच. पंखावर ऊन लखकन चमकायचं. शेजारची धनगराची म्हाळसाबाई हसायची, "बिबीजान, लोकं पोराला हाका मारत्यात, तू परात दावतीस व्हय?"

"तुझ्या मेंढरास्नी दावून बघ, येत्यात का!" बिबीजान सोडते कशाला?

आणि मग तो वैशाखातला दिवस उजाडला. अजून आठवलं की माझी कड थरथरते!

पश्चिमेला ढग उठला. उतू जाणाऱ्या दुधासारखा वर वर चढत गेला. बघता बघता उत्तरेचं आभाळही त्यानं गिळलं. आत विजा नुसत्या नाचत होत्या. आमच्या डोक्यावर मात्र अजून ऊन होतं. आणि पूर्वेकडनं घरघर आली.

"आलं गं आलं! दाव की परात!" म्हाळसाबाई खालनं ओरडली.

बिबीजाननं मला उचललं. एकदा ढगाकडं बघितलं, एकदा विमानाकडं. आणि मला धाडदिशी उपडी घालून माझ्यावर बसली!

"अगं, खुळी का काय?"

"म्हाळसाबाई, तो ओढ्याच्या पुरातनं आलाय. ही चमकली तर ह्या ढगातनं बी येईल. येऊ नको रे बाळा! वळसा घाल, कुठनं बी जा, पर इकडं येऊ नको!"

विमान उमरग्याच्या अंगाला घिरट्या घालत राहिलं. जाईना, येईना. बिबीजानही माझ्यावरनं हलेना. तेवढ्यात गारा आल्या! लिंबाएवढ्या! तिनं मला डोक्यावर धरलं. टण्! टण्! टण्! अंगभर पोचे पडले, पण तिच्या केसालाही धक्का लागू दिला नाही मी. त्या दणक्यात घरघर मात्र हरवली.

गारा थांबल्या. ढग उत्तरेला सरकला. आभाळात आवाज नाही. बिबीजानच्या ओठाला रंग नाही. पश्चिमेला ढगाखालनं ऊन फुटलं, आणि म्हाळसाबाई किंचाळली, "ते बघ! मुरूम गावाकडं!"

लांब दक्षिणेला, मोकळ्या आभाळात, सुईच्या टोकाएवढं काहीतरी लखकन चमकलं. पंख! बिबीजाननं मला असं उचललं की मीच उडते की काय वाटलं!

पुढं आयुब घरी आला, माझ्यातला भात खाता खाता सांगू लागला. "ढग दिसला तशी टॉवरला परवानगी मागितली, डावीकडनं वळसा घालू का? ते म्हणले, थांबा, त्याच अंगानं, त्याच उंचीवर मुंबईकडनं एक विमान येतंय. ते जाईपर्यंत घिरट्या घाला. तेवढ्यात समोर ढगात फट दिसली बघ, दारासारखी. तिच्यातनं गेलो असतो तर आपल्या माळवदावरनंच निघालो असतो. मन लई वढ घेत होतं. खाली बघितलं, तर परात न्हाय. म्हणलं, अम्मा नको म्हणतीय."

"आन् ती फट?"

"मिटली, अम्मा. डोळ्यादेखत मिटली. आत नुसत्या इजा चमकत होत्या."

मग बिबीजान अशी कडाडली की त्या ढगानं लाजावं. "मुडद्या! टॉवर थांब म्हणतोय, आन् तू परातीचं ऐकतोस? पाठीमागं एवढ्या अम्मांची लेकरं बसलेली! हिच्यावर हात ठेव. कबूल कर, टॉवर थांब म्हणला की थांबायचं!"

त्यानं माझ्या कडेवर हात ठेवला. भाताचा हात, गरम.

आता मी म्हातारी झाले. परवा कल्हईवाला जैनोद्दीन हातोडी काढून म्हणाला, "खाला, पोचे काढून देतो." बिबीजाननं हातोडीच हिसकावली. पोच्यांमुळं माझी चमक फुटून चौफेर जाते, आयुबला मी पूर्वीपेक्षा लांबनं घावते.

म्हणून तुम्हांलाही सांगते. कल्हई करा, चिंचेनं घासा, पण पोचे तेवढे राहू द्या. आणि उन्हं कलताना आभाळ मोकळं असलं, तर कणकेला दुसरं भांडं घ्या. ती ऐका, घरघर! सरका बाजूला, मला ड्यूटीवर जायचंय.