सावरलेलं तोंड

माझं तोंड वाकडं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. एका सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी डाव्या बाजूने आपोआप गळून गेलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा झोपलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं बरं होतं. माझं थोडं झालं, बाकीचं तसंच राहिलं. डावा डोळा पुरता मिटत नाही आणि हसले की ओठ उजवीकडेच पळतात.

तेव्हा मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसत असे. साहेबांनी आत बोलावलं. "ताई, तक्रार कुणाचीच नाही हो. पण खिडकीतला चेहरा कसा, प्रसन्न हवा." दुसऱ्या दिवसापासून मी हरवलेल्या सामानाच्या खोलीत. छत्र्या, डबे, एकेकटी चप्पल आणि मी. तोंड दाखवायला जागा उरली नाही असं लोक उगाच म्हणतात, माझी खरोखरच काढून घेतली होती.

लेक नुकतीच हायस्कूलला गेली होती. तिला पेन्सिली कुरतडायची सवय, म्हणून घरात आम्ही तिला खारूताई म्हणतो. तिने चित्रकला हा विषय घेतला. तिच्या शाळेत तो पहिल्या पातळीपासून प्रगत पातळीपर्यंत शिकता येतो. हिचे बाबा म्हणाले, "रंगवू दे, कुणाचं काय जातंय."

पहिल्या पातळीला एक उतारवयाच्या बाई होत्या. त्यांनी सुरुवातीला धड चित्र काढूच दिलं नाही. खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागा काढायच्या. कागदाकडे न बघता स्वतःचा हात काढायचा. खारूताई घरी येऊन दप्तर आपटायची. "आई, मला खुर्ची येते काढता! मग हे काय भलतंच?" मग एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसली आणि ओट्याखालची बादली आणि भिंत यांच्या मधली जागा काढू लागली. नुसती जागा. काढता काढता कागदावर बादली उभी राहिली, कडीसकट, पोचे पडलेली. तिने मान वर केली ती वीज चमकल्यासारखी. "बाई म्हणतात ना, माहीत आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ. आत्ता कळलं."

पुढच्या पातळीला रंग आले. काळा रंग डब्यातून काढूनच टाकायला लावला बाईंनी. सावलीत काळं नसतं म्हणे. खारूताई दोरीवरच्या पांढऱ्या चादरीकडे बघून म्हणाली, "आई, यात निळा आहे, जांभळा आहे, थोडा पिवळापण आहे." मी म्हटलं, "म्हणजे पुन्हा भिजवू का?" मग तैलरंग आले. घरभर टर्पेंटाइनचा वास, दाराच्या मुठीला रंग, एकदा तर बाबांच्या टकलाला हिरवा ठिपका. ते दिवसभर तसेच ऑफिसात हिंडून आले.

प्रगत पातळीला मात्र बाई नव्हत्या, सर होते. सरांचं नाव मोठं. त्यांच्या वर्गाला दरवर्षी पहिलं बक्षीस. पालक सांगायचे, सरांचा हात फिरला की चित्र उठतं. मला वाटायचं, ही आपली बोलण्याची पद्धत असेल.

त्या वर्षी प्रत्येकाने आपापला विषय निवडायचा आणि वर्षभर त्यावरच काम करायचं. खारूताईने मला निवडलं.

"माझं चित्र?" मी म्हटलं. "लोकांना घाबरवायचंय का? त्यापेक्षा बाबांना काढ. त्यांना बसायची सवय आहे."

"बाबा झोपतात. आणि मला तूच हवीस."

"मग उजवीकडून काढ."

"समोरून काढणार."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी, भाजी निवडत, खिडकीशी बसायला लागले. ती हात ताठ करून पेन्सिलीने माप घ्यायची, एक डोळा मिटून. डोळ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत किती, इकडून किती, तिकडून किती. आजारपणापासून माझ्याशी बोलताना लोक माझ्या कपाळाकडे बघतात, नाहीतर खांद्यावरून पलीकडे. सख्खी बहीणसुद्धा. आणि ही पोरगी चक्क बघत बसायची. सुरुवातीला मला घाम फुटायचा. नंतर सवय झाली आणि त्यानंतर, खोटं कशाला बोलू, मी सुट्टीच्या दिवसाची वाट बघायला लागले.

"हस ना जरा," एकदा ती म्हणाली.

"हसले की जास्त वाकडं होतं."

"म्हणून तर."

पेन्सिलीची चित्रं झाली, कोळशाची झाली, मग मोठं तैलचित्र. पूर्ण झाल्यावर तिने मला समोर उभं केलं. चित्रातली मी हसत होते. ओठ उजवीकडे धावलेले, डावा गाल ढिला, डावा डोळा अर्धवट ओघळलेला. पण ती बाई कुणाकडे तरी बघून हसत होती, मनापासून, आणि तिच्या चेहऱ्यात काहीही हरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "कान मोठा झालाय."

"कान मोठाच आहे," ती म्हणाली.

चित्र चांगलं वाळू दिलं आणि मग तिने ते शाळेत नेऊन दिलं. पुढे चार दिवसांतच परीक्षक येऊन गेले, निकाल लागला आणि प्रदर्शनाचं बोलावणं आलं. पहिलं बक्षीस खारूताईला. मी ठेवणीतले कपडे घातले. बाबांनी बूट चमकवले. शाळेच्या मोठ्या दालनात भिंतीभर चित्रं, माणसांची गर्दी, आणि समोरच्या भिंतीवर निळी फीत लावलेलं आमचं चित्र.

लांबून मला वाटलं, ही माझी बहीण आहे. जवळ गेले. खिडकी आमची, कपडे माझे, मोठा कान माझा. तोंड मात्र सरळ. ओठ दोन्हीकडे सारखे, वाटीच्या काठासारखे, आणि डावा डोळा उजव्याच्या बरोबरीने टवटवीत.

वाटलं, घरात मला जशी आहे तशी काढली आणि चार लोकांत आणायची वेळ आली तेव्हा दुरुस्त केली. खारूताई मैत्रिणींच्या घोळक्यात होती. मी तिला बाजूला ओढलं.

"तुलाही लाज वाटली होय गं?"

"कशाची?" तिने माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे. तीही ते भिंतीवर पहिल्यांदाच बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, हे मी नाही केलं. शपथ. हे माझं नाहीये."

मी हात पुढे केला आणि चित्रातल्या ओठाला बोट लावलं. बोटाला गुलाबी रंग लागला. ओला.

तेवढ्यात सर आले, बरोबर मुख्याध्यापक बाई. सरांनी दोन्ही हात पसरले. "अभिनंदन! काय, आज तर मिठाई हवी!"

"सर, माझं चित्र कुणी बदललं?" खारूताईने विचारलं.

"बदललं नाही गं, सावरलं. परीक्षक यायच्या आधी सगळ्यांच्याच चित्रांवरून हात फिरवतो मी, तुला माहीत आहे. तुझं रंगकाम उत्तम होतं. चेहऱ्याचा तोल तेवढा गेला होता. ओठांची रेघ चुकलेली, डोळा खाली उतरलेला. प्रगत पातळीला असल्या चुका चालत नाहीत."

"चूक नव्हती ती. माझी आई तशीच आहे. ही बघा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. आसपासच्या सगळ्यांनीच बघितलं. मला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण मी मान खाली घातली नाही. सर क्षणभर गोंधळले. इथे त्यांनी "चुकलं माझं" म्हटलं असतं तर मी हे सांगत बसलेच नसते. पण ते हसले आणि आवाज खाली आणून, दवाखान्यात बोलतात तसं, माझ्याशी बोलले.

"मग तर ताई, मी तुमच्यावर उपकारच केले की. भिंतीवर असं लागलेलं कुठल्या बाईला आवडेल?"

मला बोलायचं होतं. पण रागावले की माझे ओठ मिटत नाहीत, प आणि ब तोंडातच राहतात.

खारूताई बोलली. "सर, वर्षभर मी तिला बघत होते. तुम्ही एकदा तरी बघितलंत का? न बघता कसं काढलंत तिचं तोंड?"

"आवाज खाली," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. "पाहुणे आहेत. उद्या बोलू."

"उद्यापर्यंत हे वाळायला लागेल," खारूताई म्हणाली आणि चित्र खिळ्यावरून उतरवून तिने सरळ टेबलावर आडवं ठेवलं. बाबा कुजबुजले, "बाळा, जाऊ दे, बक्षीस मिळालंय ना." तिने ऐकलं नाही. तिचं काम खाली खडखडीत वाळलेलं होतं, सरांचं वर ओलं होतं. पुसायला चिंधी आणि टर्पेंटाइन एवढंच हवं होतं. ते कुणी देईना. वर्गातली सगळी मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती, कारण कुणाच्या चित्रातला हात सरांचा होता, कुणाच्या चित्रातला घोडा. शेवटी त्या पहिल्या पातळीच्या उतारवयाच्या बाई कपाटाकडे गेल्या आणि बाटली आणि जुन्या कपड्याचा तुकडा आणून तिच्या हातात दिला.

तिने हलक्या हाताने पुसलं, जेवण झाल्यावर लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. सरांचे सारखे ओठ चिंधीवर आले. खालून माझे निघाले, उजवीकडे धावणारे. मग डोळा. तिने चित्र पुन्हा खिळ्याला लावलं आणि निळी फीत स्वतःच्या हाताने काढून सरांच्या पुढ्यात ठेवली.

दोन दिवसांनी आम्हाला कार्यालयात बोलावलं. बक्षीस रद्द. मुख्याध्यापक बाईंनी नियम वाचून दाखवला की चित्र जमा केल्यावर विद्यार्थ्याने त्यात फेरफार करायचा नाही.

मी सावकाश, एकेक अक्षर जुळवत विचारलं, "आणि शिक्षकाने केला तर?"

"शिक्षकाने केलं ते मार्गदर्शन असतं."

"म्हणजे दुसऱ्याच्या चित्रात घुसला तो मार्गदर्शक आणि आपलं चित्र परत घेतलं ती गुन्हेगार?"

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही कशाच्या भरात बोलताय?"

त्यांनी चहा विचारला, तो आम्ही घेतला नाही. बाबा, ज्यांनी जन्मात कुणाला उलटून उत्तर दिलेलं नाही, त्यांनी निघताना खुर्ची मुद्दाम मागे सरकवलेलीच ठेवली. एवढाच काय तो त्यांचा निषेध, पण मला तो पुरला.

वर्षाच्या शेवटी सरांनी तिला जेमतेम पास केलं. शेऱ्यात लिहिलं, सूचना स्वीकारण्याची वृत्ती नाही. त्या गुणांवर कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही. आणि वर कडी म्हणजे शाळेचा वार्षिक अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर मी होते, सरळ तोंडाची. परीक्षक आले त्या दिवशी फोटो काढून ठेवला होता, तोच छापला. खाली सरांचं नाव, मार्गदर्शक म्हणून. खारूताईने शाळेत जाऊन सांगितलं, हे चित्र आता जगात नाही आणि कधी माझं नव्हतंही. तिला म्हणाले, अंक वाटून झाला.

तो अंक आमच्या साहेबांच्या घरीही पोचला, त्यांचा पुतण्या त्याच शाळेत. साहेब अंक घेऊन हरवलेल्या सामानाच्या खोलीत आले. "ताई, काय सुंदर आलंय हो! असं तोंड असतं तर तुम्हाला खिडकीतून उठवलंच नसतं."

"साहेब," मी म्हटलं, "ते तोंड चित्रकलेच्या सरांचं आहे. त्यांनाच बसवा खिडकीत."

साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला काही फरक पडला नाही.

खारूताई वर्षभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे कामाला गेली आणि संध्याकाळी माझी, बाबांची, शेजारच्या लंगड्या कुत्र्याची चित्रं काढत राहिली. पुढच्या वर्षी ती चित्रं बघून तिला महाविद्यालयात घेतलं. आता तिसरं वर्ष. मध्यंतरी तिथल्या एका प्राध्यापकांनी तिच्या हातातला ब्रश घ्यायला हात पुढे केला, तर तिने ब्रश पाठीमागे नेला आणि म्हणाली, "तोंडाने सांगा, मी करते." ते म्हणे चकित झाले आणि मग तोंडाने सांगितलं.

सर अजून तिथेच शिकवतात. बक्षिसं दरवर्षी येतात. बहीण म्हणते, एवढ्याशा ओठाच्या रेघेवरून किती वर्षं धुमसत राहशील, तोंडच तर नीट काढलं होतं त्यांनी, शिवी तर दिली नव्हती. तिला मी दारापर्यंत सोडायलाही गेले नाही.