बटणाचा चौथा पाय

या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या आधी माझी गाठ पडते. दारातून आत आलात की डाव्या भिंतीला लागून एक चौकोनी, रबराचा कोपरा फाटलेला वजनकाटा दिसेल. तो मी. दवाखाना जनावरांचा आहे. मला एक तक्रार करायची आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध ती आहे त्यांच्यात मीही आहे. त्यामुळे कुणाला झाकायचं मला कारण नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्या जन्मल्या माझ्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं, मी वीस दाखवले, आणि एका बाईंनी माझ्या कडेला 'तपासले' असा शिक्का मारला. एवढंच माझं शिक्षण. पुढची आठ वर्षं एका गोदामात बटाट्याची पोती मोजण्यात गेली. पोत्याचं एक बरं असतं. ठेवलं की गप्प बसतं.

मग गोदाम बंद झालं आणि मी इथे आलो. इथे गप्प बसणारं कुणी नाही. एक बोका माझ्यावर फक्त उलटा चढतो. तोंड दाराकडे असलं की त्याला वाटतं, आपण आत आलोच नाही. एक कासव महिन्यातून एकदा येतं आणि आकडा स्थिर झाला की नेमकं त्याच क्षणी चालू लागतं. एका आजींचा पोपट पिंजऱ्यासकट ठेवतात. तो इकडेतिकडे बघतो आणि आजींच्याच आवाजात म्हणतो, "किती वेळ लावतात, बाई!" रांगेतले सगळे हसतात, आजी सोडून. एक धिप्पाड कुत्रा आहे, त्याला पाहून माणसं रस्ता बदलतात. तो माझ्यावर चढल्यावर डोळे मिटून घेतो. मी काही करत नाही, हे त्याला सहा वर्षांत पटलेलं नाही.

हे सगळं मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? बटाट्यांनंतर मला घरच मिळाल्यासारखं वाटलं होतं.

आता इथली कामाची पद्धत सांगतो, कारण घात तिनेच केला. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत बसतात. मी बाहेर. मध्ये वाट बघणाऱ्यांचं बाकडं. माझ्याजवळ कंपाउंडर उभा असतो. तो आकडा वाचतो आणि आत ओरडतो, "चार शंभर! मांजर!" बाई तो कार्डावर लिहितात. गर्दी असते, वेळ वाचतो. बारा वर्षं असंच चाललंय. बारा वर्षांत बाईंनी मला काम करताना पाहिलेलं नव्हतं. त्यांना फक्त माझा आकडा ऐकू यायचा, तोही दुसऱ्याच्या तोंडून.

बटण नावाचा कुत्रा पहिल्यांदा आला तेव्हा दोन वर्षांचा होता. मातकट रंग, एक कान उभा, एक पडलेला. मालक टेलर मास्तर. खाली दुकान, वर घर. त्यांच्याकडे एक मांजरही होती, जे दिसेल ते कापड टरकावायची म्हणून तिचं नाव कात्री.

त्या दिवशी बटण माझ्यावर चढला आणि क्षणभर चारही पायांवर उभा राहिला. एकोणीस किलो पाचशे. कंपाउंडर तेव्हा नवं कार्ड शोधत होता. त्याने मान वर केली तोवर बटणाने उजवा पुढचा पाय उचलून माझ्या कडेबाहेर, मास्तरांच्या बुटावर ठेवला होता. आकडा उतरला. साडेसोळा.

"मास्तर, पाय काढा त्याचा."

"काढतो की." मास्तरांनी पाय उचलून माझ्यावर ठेवला. बटणाने तो परत बुटावर ठेवला. असं चार वेळा झालं.

"अहो, हा काय हट्ट?"

"हट्ट नाही रे. पिल्लू होता तेव्हापासून मशीनखाली झोपतो. पायडल मारताना माझ्या पावलावर पंजा ठेवायचा. पाऊल हलतंय तोवर मी बसलेलो. थांबलं की मी उठणार, कुठेतरी जाणार. मग हा लगेच जागा. पहारा आहे तो."

"म्हणजे तुम्ही पळून जाल अशी भीती."

"बायकोला नव्हती एवढी याला आहे."

बाकड्यावर हशा पिकला. कंपाउंडर आत ओरडला, "साडेसोळा! कुत्रा!"

बाईंनी लिहिलं. आकडा आत पोचला, पाय बाहेरच राहिला.

पाच वर्षं हेच. लसीला, जुलाबाला, कानातल्या गोचिडीला. सोळा सातशे, साडेसोळा, सोळा सहाशे. पुढे पुढे कंपाउंडरने पाय काढा म्हणणंही सोडलं. मला दर वेळी कळायचं की तीन किलो माझ्या अंगावर नाहीत, शेजारच्या बुटावर आहेत. पण मला विचारतंय कोण? जे अंगावर आलं तेवढंच दाखवायचं, हे माझं शिक्षण.

मग मास्तर जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि जिना चढता येईना, म्हणून लेकीने त्यांना आपल्या घरी नेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुकानाला कुलूप लागलं. हे सगळं मला त्यांच्या सुनेच्या बोलण्यातून कळलं. महिन्याभराने ती बटण आणि कात्री दोघांना घेऊन आली. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात कात्रीची टोपली, खांद्याला ऑफिसची पर्स, आणि कपाळावर घाम. सून वाईट नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो. कुत्रा तिचा नव्हता, तरी अर्धी रजा टाकून आली होती.

"काय झालं बटणशेठना?" कंपाउंडरने विचारलं.

"काही झालेलं नाही, तसं. नुसता पडून असतो, मशीनखाली. पाणी फार पितो. बाबांच्या सपातांजवळ तोंड ठेवून बसतो. म्हटलं, दाखवून घ्यावं."

बटण माझ्यावर चढला. आणि त्याने उजवा पाय उचलला.

कडेबाहेर फरशी होती. त्याने पंजा जरा डावीकडे नेला, जरा उजवीकडे. सून दोन हात लांब उभी होती, टोपली सांभाळत. पंजा हवेत तसाच राहिला, मी मोजू शकलो नाही इतका वेळ. मग त्याने तो हळूच खाली आणला आणि माझ्यावर टेकवला.

"वा! आज शहाण्यासारखे उभे राहिलात!" कंपाउंडर म्हणाला.

सोळा चारशे.

चारही पाय माझ्यावर होते, आणि सोळा चारशे. तीन किलो गेले होते, एकोणीस पाचशेतले तीन किलो, आणि आकडा जुन्याच जागी येऊन उभा होता, काहीच न झाल्यासारखा. मी तो थरथरवला. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं. कंपाउंडरने मला वरून थाप मारली.

"सेल उतरलेत वाटतं." तो स्थिर व्हायची वाट बघत राहिला. मी किती वेळ थरथरणार? "सोळा चारशे! कुत्रा!"

मग कात्री. गेल्या खेपेला चार शंभर होती. आज पाच. "पाच किलो! मांजर!"

आतलं दार अर्धवट उघडं असतं. मला टेबलाची कड दिसते. बाईंनी रक्त तपासणीचा कागद पुढे ओढला होता. मग त्यांनी बटणाचं कार्ड पाहिलं.

"वजन तर जिथल्या तिथे आहे. खातो का?"

"वाटी रोज चाटूनपुसून साफ असते, डॉक्टर."

"मग घाबरू नका. आठवण काढतोय तो. रुळेल. पाण्यावर लक्ष ठेवा." कागद मागे सारला गेला. "या मांजरीचं मात्र खाणं कमी करा. महिन्यात एवढं वजन?"

"पण मी तिला जास्त देतच नाही!"

जाता जाता सुनेने कंपाउंडरला मोबाइलवर फोटो दाखवला. "बघा ना, आधी हिला जवळ फिरकू द्यायचा नाही. आता दोघं एका वाटीशी बसतात. किती गोड!"

"जेवणावळ चाललीय," कंपाउंडर हसला.

दोन कार्डं एकाच टेबलावर, एकमेकांना चिकटून पडली होती. एकावर कुत्रा वाळत नव्हता, दुसऱ्यावर मांजर उगाच फुगत होती. फोटोही होता. सगळा पुरावा एका खोलीत, दहा मिनिटं, उजेडात. शोधायला कुठे जायचं नव्हतं. कुणी लपवलेलं नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. मी तर अजिबात नाही. माझा आकडा ग्रॅमपर्यंत बरोबर होता, आणि त्या बरोबर आकड्याने बटणाला घरी पाठवलं. मला याचाच संताप येतो. मी चुकलो असतो तर दुरुस्त केला असता मला.

तीन आठवड्यांनी सून पुन्हा आली. या वेळी तिने बटणाला उचलून आणलं होतं.

तेरा आठशे. कंपाउंडरने तोंड उघडलं, पण ओरडला नाही. पहिल्यांदाच स्वतः आत गेला आणि हळू आवाजात सांगितलं. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा बाई वजन बघायला बाहेर आल्या.

"तीन आठवड्यांत? खात होता म्हणालात ना?"

"खात होता हो! वाटी रिकामी असते! फोटो आहे माझ्याकडे, थांबा." तिने घाईघाईने फोटो काढला. बाईंनी तो मोठा करून पाहिला.

"वाटी कुणाची?"

"बटणाची."

"आणि तोंड कुणाचं आहे वाटीत?"

सुनेने फोटोकडे पाहिलं. बटण बाजूला बसला होता, पाहुण्याला वाढून झाल्यावर यजमान बसतो तसा. ती बाकड्यावर मटकन बसली. "मी रोज बघत होते हो," एवढंच म्हणाली.

रक्त तपासलं. मूत्रपिंडं गेली होती. खाणं सुटलं होतं ते आठवणीने की आजाराने, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं, बहुतेक दोन्ही. "तीन आठवड्यांपूर्वी सापडलं असतं तर काहीतरी करता आलं असतं," बाई म्हणाल्या. त्या पुन्हा पुन्हा कार्ड बघत होत्या. "पण तेव्हा वजन ठीक होतं. हे बसत नाही कुठे."

बसत नव्हतं, कारण चौथा पाय कार्डावर नव्हता. मी तिथेच, त्यांच्या पावलांशी होतो. सेल नवे होते. एक अक्षर बोलता आलं नाही.

सलाईन सुरू झालं. दोन दिवसांनी सुनेने मास्तरांना आणलं. वॉकरचा टकटक आवाज दारात आला आणि माझ्यावर आडव्या पडलेल्या बटणाचा उभा कान आणखी उभा झाला. रोज सलाईनच्या आधी वजन लागतं, म्हणून कंपाउंडरने त्याला माझ्यावर ठेवलं होतं. मास्तर येऊन शेजारी थांबले. बटण कसाबसा उठला. तेरा पाचशे. मग त्याने उजवा पाय उचलला आणि मास्तरांच्या बुटावर ठेवला.

अकरा.

बाई दारात उभ्या होत्या. आकडा उतरताना त्यांनी पाहिला. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग पंजाकडे, मग पुन्हा आकड्याकडे.

"मास्तर, हा असा पाय कधीपासून ठेवतो?"

"पहिल्यापासून. तुमच्या या माणसाला विचारा की, हसायचा रोज."

कंपाउंडर फरशीकडे बघत होता. बाई आत गेल्या, कार्ड घेऊन बाहेर आल्या, आणि पाच वर्षांचे आकडे एकेक करून वाचताना त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मग त्या थांबल्या.

आता त्या स्वतः बाहेर येऊन वजन बघतात. ओरडणं बंद झालंय. भिंतीवर कागद लावलाय: 'चारही पाय काट्यावर असावेत.' सुधारणा झाली म्हणे. मी त्या कागदाखालीच असतो, आणि तो वाचणाऱ्या प्रत्येकाला मला सांगावंसं वाटतं की बाबांनो, पाय माझ्यावर आणा, पण त्याआधी तो कुठे ठेवलाय ते बघा. तुमच्या घरातलं मांजर उलटं का चढतं, कुत्रा उंबऱ्यावरच का झोपतो, पोपट तुमच्या आवाजात काय बोलतो, याला लाडाची खोड म्हणून हसून सोडू नका. आम्ही काटे फक्त वजन सांगतो. तेही अंगावर आलेलं.

बटण त्यानंतर नऊ दिवस होता. शेवटच्या दिवशी मास्तर बाकडं माझ्याजवळ ओढून बसले. बटण माझ्यावर आडवा होता, पंजा त्यांच्या धडधाकट पायावर. कंपाउंडर सवयीने वाकला आणि पंजा उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पाऊल हळूहळू हलवायला सुरुवात केली. टाच, चवडा. टाच, चवडा. मशीन चालू असल्यासारखं. मी कुठे जात नाहीये, असं. पंजा त्याबरोबर वर-खाली होत होता, आणि माझ्या काचेवरचा आकडाही. बटणाने डोळे मिटले. मग पंजा पावलावरून घसरला आणि आकडा हलायचा थांबला, तरी मास्तरांचं पाऊल थांबलं नाही. कार्डावर त्या दिवशीच्या वजनाची जागा कोरी आहे.