कोबीचे डोहाळे

पोटुशा लेकीला डोहाळे विचारावेत, तर तिनं चिंच म्हणावं, कैरी म्हणावं, फार तर आमच्या सांगलीचं भडंग म्हणावं. आमच्या मयूरीनं काय सांगावं? "आई, मला आंबवलेला कोबी खावासा वाटतोय. आणि बटाट्याची धिरडी." मी कपाळाला हात लावला.

मयूरी आमची एकुलती एक. शौनकशी लग्न करून जर्मनीतल्या कोलोन शहरात गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. डोहाळजेवण इथंच व्हायला पाहिजे असा मी फोनवर हट्ट धरला, म्हणून सहाव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांसाठी आली. बाळंतपण मात्र तिकडंच. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माझं वाईला झालं, माझ्या आईच्या हाताखाली. शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, सगळं साग्रसंगीत. पण लेकीला तिथून हलता येत नसेल तर माहेरानं उठून तिच्याकडं जावं, हे मला कुणी शिकवायला नको.

तसं तिनं विचारलंही होतं. मधे एकदा फोनवर म्हणाली, "बाळंतपणाला तुम्ही दोघं याल का?" अण्णा, म्हणजे आमचे हे, लगेच म्हणाले, "छे छे, आम्ही कशाला उगाच? जावयाच्या घरी महिनोन्महिने राहणं बरं दिसतं का?" मीही म्हटलं, "राहू दे गं, तुझी अडचण नको." आता हे काय खरंखुरं 'नाही' म्हणणं झालं? आमच्याकडं पहिलं 'नको' हे नुसतं म्हणायचं असतं. पुन्हा विचारलं की जरा मऊ व्हायचं, आणि त्यानंतर 'बरं बाई, तू एवढं म्हणतेस तर' म्हणून मोकळं व्हायचं. पण मयूरी म्हणाली, "ठीक आहे," आणि तिकडच्या थंडीचं सांगू लागली. पुन्हा म्हणून विषय काढला नाही. एकदाच विचारलं! मी त्या दिवशी आमटीत मीठ घालायला विसरले आणि वर अण्णांवरच खेकसले.

कारण मनानं मी केव्हाच विमानात बसले होते. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. ती आता ट्रंकेत तशीच पडून होती.

तर कोबी. डोहाळे पुरवायचे नाहीत तर आईनं करायचं काय? मयूरीनंच फोनवर शोधून काढलं की साताऱ्याच्या बाहेर हायवेला एकानं जर्मन खाणावळ काढलीये. आम्ही गाडी ठरवली. वाटेत औंधला यमाईची ओटी भरली, रहिमतपूरवरून साताऱ्याला आलो. दारावर पाटी होती, 'ऱ्हाइनकाठ'. ऱ्हाइन म्हणजे कोलोनची नदी. कृष्णाकाठच्या माणसाला हे नाव पटायला वेळ लागत नाही.

आत लांबच लांब लाकडी टेबलं आणि बाकडी. मालक पृथ्वीराज रहिमतपूरचाच. कोलोनच्या एका जुन्या खाणावळीत बरीच वर्षं काम करून परत आलेला. झुपकेदार मिशा आणि गुडघ्यापर्यंत निळा एप्रन. मयूरी त्याच्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलली, तसा तो एकदम खुलला.

"आवं बसा, बसा काकू! ताई आपल्या कोलोनच्या हायत म्हनल्यावर आमच्या गल्लीतल्याच झाल्या की!"

आपल्या कोलोनच्या! मी पदर सावरून बसले.

ताटं आली. बटाटा किसून केलेली कुरकुरीत धिरडी, आमच्या उपासाला चालावीत अशी, आणि त्यांच्याबरोबर सफरचंदाची गोडसर चटणी. बटाट्याचे मोठे गोळे, मश्रूमच्या रश्शात बुडालेले. आणि एका वाडग्यात तो कोबी, फिकट, ओलसर, आंबूस वासाचा. मयूरीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं गं? दुखतंय का कुठं?" मी घाबरले.

"नाही गं आई. घरची आठवण आली."

घरची. मी समोर बसले होते, वडील शेजारी बसले होते, सांगलीचं घर दोन-अडीच तासांवर. आणि माझ्या लेकीला साताऱ्यात बसून घरची आठवण येत होती. मला इतकं लागलं की काही वेळ मी धिरड्याचे नुसते तुकडे करत राहिले.

पण खोटं कशाला बोलू, तिचा तो चेहरा मला ओळखीचा होता. मयूरीच्या वेळी मी वाईला आईच्या घरी बसले होते. समोर आईनं केलेलं सगळं आवडीचं, आणि मला हवं होतं ते सांगलीचं झणझणीत भडंग, भरपूर लसणाचं. आईला काही ते कळेना. अण्णा रविवारी एसटीनं यायचे, पिशवीत वरती माझे कपडे आणि खाली कागदाचा पुडा. आम्ही दोघं घाटाच्या पायऱ्यांवर बसून तो संपवायचो. अण्णा हात झटकत म्हणायचे, "मला नको, तू खा," आणि मी पुडा पुढं केला की मूठ भरून घ्यायचे. तेव्हा केस काळेभोर होते त्यांचे. तिखटानं नाक लाल व्हायचं. आईनं एकदा आम्हाला पाहिलं आणि न बोलता आत गेली. तिला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला आज साताऱ्यात कळलं. आईची फार आठवण आली.

"थंड होतंय आई, खा ना," मयूरी म्हणाली.

एव्हाना अण्णांचा वेगळाच खेळ सुरू झाला होता. पृथ्वीराजनं त्यांच्यापुढं सफरचंदाच्या सरबताचा उंच, अरुंद पेला ठेवला होता. सोडा घातलेलं, बुडबुड्यांचं. अण्णांनी तो संपवला, की लगेच दुसरा हजर.

"नको नको, पुरे," अण्णा म्हणाले. पृथ्वीराजनं पेला ठेवला आणि गेला. अण्णा प्यायले. पुन्हा पेला.

"अहो नको म्हटलं ना!"

"काका, तोंडाच्या न्हाईला हितं किंमत न्हाई," पृथ्वीराज हसत म्हणाला. "कोलोनची रीत हाय. तिकडं बियर असती, तुमाला आपलं सरबत. ही पुठ्ठ्याची चकती बघा. ही पेल्यावर ठिवली का मंग बंद. तवर आमी आणत ऱ्हानार. लय दमला तर ठिवा, न्हाईतर होऊ द्या."

अण्णांचा चेहरा असा उजळला म्हणता! माझ्या नणंदांच्या लग्नात, आमचा गावभाग सगळा पंगतीला बसलेला असताना, अण्णा जिलबीचं ताट घेऊन फिरायचे. पाहुणा पानावर आडवा झाला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचे. अण्णांच्या आग्रहाचं नाव होतं सांगलीत. आता लग्नं कार्यालयात होतात, लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे राहतात, हवं ते हवं तेवढं घेतात. अण्णा हल्ली अशा लग्नांतून अर्धपोटी परत येतात, कारण कुणी 'घ्या' म्हणत नाही.

त्यांनी ती चकती खिशात घालून टाकली आणि पेल्यामागून पेले रिचवू लागले. दर वेळी 'नको नको', दर वेळी 'अहो पुरे'.

मयूरी हसून हसून लाल झाली. "अण्णा, काय हे? नको म्हणता आणि पिताय!"

"अगं, पहिलं नको कुणी खरं मानतं का?" अण्णा मिशीवरचं सरबत पुसत म्हणाले.

मयूरीचं हसणं थांबलं. तिनं काटा खाली ठेवला आणि वडिलांकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"आई, फोनवर तू म्हणालीस ते... तेही पहिलंच होतं?"

माझ्या जिभेवर आलंच होतं, 'जाऊ दे गं, ते काय आता.' जन्मभर तेच म्हणत आले. आणखी एकदा म्हणायला काही लागलं नसतं. पण पंधरवडा संपत आला होता. चार दिवसांनी ही विमानात बसली असती आणि तिकडं परक्या नर्सच्या हाताखाली माझी पोर कळा देत पडली असती.

"हो," मी म्हटलं. "मला यायचंय. कुणी आग्रह करायला नको, काही नको. मला तुझ्या बाळंतपणाला यायचंय."

माझा आवाज जरा मोठाच झाला असावा. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

मयूरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग सांगायचं नाही का! मी एकदाच विचारलं, आई. दुसऱ्यांदा विचारायची हिंमतच झाली नाही. तू पुन्हा नाही म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? मी शौनकला सांगितलं, आई नाही येणार, आपलं आपण बघू. आणि न्हाणीघरात जाऊन रडले."

मी उठून तिच्या बाकावर गेले आणि तिचं डोकं छातीशी धरलं. कोबीच्या वासाचा तिचा हात माझ्या गालावर होता. मला काही म्हणता काही वाईट वाटलं नाही त्या वासाचं.

जरा वेळानं ती डोळे पुसत म्हणाली, "आणि अण्णा, तुम्ही?"

"मी कशाला?" अण्णा लगेच म्हणाले. "तुम्ही मायलेकी असताना माझं काय काम तिथं? उगाच लुडबुड."

आणि थांबले. तो चेहरा मी पंगतीत शंभरदा पाहिला आहे. पुढचा आग्रह आता येणार, म्हणून थांबलेला चेहरा. मयूरी तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिचा हात दाबला. ती गप्प बसली. मीही गप्प बसले.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग टेबलाकडं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. सत्तरी गाठलेला माझा नवरा त्या बाकड्यावर असा एकटा पडला की मलाच राहवेना, पण मी ओठ घट्ट मिटून बसले.

"मयू," शेवटी ते म्हणाले. "मला पण न्या."