कुंदुझच्या कपड्यांची पिशवी

आपा आल्या तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. दार उघडून मला नीट सलामही करता आला नाही, मी नुसती वाकले.

"ते आधी काढ तोंडातलं," त्या म्हणाल्या. "सून टाचण्या गिळून गेली तर लोक म्हणतील, सासूने उपाशी ठेवली होती."

आपांनी मेंढीच्या जठराच्या पिशवीत भरलेलं लोणी आणलं होतं. कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, पांढरे खडे आणले होते आणि जर्दाळूचा मुरंबा. ओझं घेऊन तीन जिने चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती, पण बसायच्या आधी त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलावर मशीन होतं, इस्त्री उंच कपाटावर होती, आणि पलंगावर, खिडकीत, खुर्चीच्या पाठीवर, सगळीकडे पिशव्या. मी पिशव्या शिवते. जुन्या रजयांचं सॅटिन, पडद्यांचं मखमल, शाळेच्या गणवेशांचं तपकिरी कापड, असं जे मिळेल त्याचे त्रिकोण कापते आणि जोडते. आमच्याकडे या जोडकामाला कुराक म्हणतात आणि घरोघरी त्याच्या रजया असतात. पिशव्या मात्र आमच्या नारीन शहरात तेव्हा फारसं कोणी करत नव्हतं.

मशीनचं पेडल मी टेबलाच्या पायाला उभं बांधलंय आणि ते गुडघ्याने दाबते. जमिनीवर ठेवलं तर एल्दियार त्यावर जाऊन बसतो. तो सव्वा वर्षाचा आहे आणि पेडलवर बसलं की मशीन घुरघुरतं हे त्याला कळलंय. आपांनी ते बांधलेलं पेडल पाहिलं.

मी चहा ओतला, आदराने अर्धीच वाटी; भरून दिली तर आता उठा असा अर्थ होतो. आपांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मी कुंदुझला न्यायला आलेय."

कुंदुझ माझी मुलगी, पाच वर्षांची. ती जन्मली तेव्हा उलारने, माझ्या नवऱ्याने, तिला उचलून आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ही तुमची." पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही रीतच आहे. उलारला स्वतःलाही त्याच्या आजीने वाढवलं. पुष्कळ दिवस तो आजीलाच आई आणि आपांना वहिनी समजत होता. पण त्या वेळी सासरे अंथरुणाला खिळले होते. आपा म्हणाल्या होत्या, सध्या तुमच्याकडेच राहू दे. या वसंतात सासरे गेले. चाळीसावा दिवस झाला, पाहुणे पांगले. आता ऑगस्ट संपत आला होता.

"बरं," मी म्हणाले.

आपल्या आत काही होतंय का, याची मी वाट पाहिली. बाही नीट करायचं निमित्त करून मनगटावर दोन बोटं ठेवली. ठोके नेहमीसारखेच पडत होते. एल्दियार झाल्यापासून हे असंच आहे. सगळं दिसतं, ऐकू येतं, सगळं समजतं. फक्त ते पोचत नाही. उलार परदेशात, येकातेरिनबर्गला कामाला गेला तेव्हा मी बसस्टँडवर उभी राहून बसचे टायर पाहत होते आणि एका टायरमध्ये हवा कमी आहे हे माझ्या लक्षात आलं होतं.

"बरं काय बरं?" आपा म्हणाल्या. "रड तरी. मी तरी उलारला दिला तेव्हा रडले होते."

कुंदुझ दारात उभी होती. तिच्या दोन्ही हातांत कापडाचे तुकडे होते. ती रंग वेगळे करते, एका डब्यात गरम आणि एका डब्यात थंड. जांभळ्याचं काय करायचं हा तिचा रोजचा प्रश्न असतो.

"ये गं, माझी सोन्याची," आपा म्हणाल्या. "आपल्याकडे शिंगरू झालंय, माहितीय? कपाळावर पांढरा ठिपका आहे. त्याला नाव अजून ठेवलेलं नाही, तुझ्यासाठी थांबलेय."

"मी ठेवणार?"

"मग काय मी ठेवणार? माझं वय आहे का शिंगराला नावं ठेवायचं?"

कुंदुझने तुकडे खाली टाकले. गरम आणि थंड, दोन्ही एकत्र.

*

दुसऱ्या दिवशी आपा एल्दियारला घेऊन खाली अंगणात बसल्या आणि शेजारच्या सादात एजे, म्हणजे सादातताई, वर आल्या. सादात एजे माझ्या पिशव्यांना चेन लावून देतात. त्यांना चेन माझ्यापेक्षा सरळ लावता येते, आणि बोलताही.

"सगळ्या इमारतीला कळलंय," त्या म्हणाल्या. "तुझी सासू खाली बसून प्रत्येकीला शिंगराचा रंग सांगतेय. तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"अगं बाई! नाही म्हणायचं की!"

"सून नाही कशी म्हणेल, एजे?"

"मी म्हणाले होते. माझी सासू तीन वर्षं माझ्याशी बोलली नाही." त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. "आयुष्यातली सगळ्यात सुखाची तीन वर्षं."

मी हसले. म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. सादात एजेंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मीरिम, तुला ती जायला हवीय का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? स्वतःच्या पोरीचं?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी त्रिकोण जोडत राहिले. त्रिकोणाची तिरकी बाजू ताणली जाते. कापड उभ्या धाग्यात ताणत नाही, आडव्यात थोडं ताणतं, तिरकं मात्र हातातल्या हातात वाढतं. म्हणून तिरक्या बाजूला तिरकी बाजूच लावायची आणि न ओढता शिवायची. सादात एजे चेन लावलेल्या पिशव्या पलंगावर ठेवून गेल्या.

दुपारी उलारचा फोन आला. मागे कुठेतरी लोखंड आपटत होतं.

"आपा एकटी आहे," तो म्हणाला. "रात्री रेडिओ लावून झोपते म्हणे. मी काय बोलू तिला?"

"तुला काय वाटतं ते."

"मी शब्द दिलाय, मीरिम."

"तू दिलास."

"म्हणजे आपणच ना." लोखंड पुन्हा आपटलं. "आणि तुझंही काम हलकं होईल. एकच सांभाळायचा. पिशव्या जास्त होतील."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जास्त झाल्या असत्या.

संध्याकाळी जेवताना आपांनी स्वतःच विषय काढला. कुंदुझने एल्दियारचं तोंड पुसलं होतं, त्याच्या हातातला काटा काढून घेऊन चमचा दिला होता आणि आता ती आपांची वाटी भरायला किटली उचलत होती.

"बघ," आपा मला म्हणाल्या. "ही पाच वर्षांची आहे की पस्तिशीची? भावाला भरवते, चिंध्या निवडते, चहा ओतते. सकाळपासून खेळताना पाहिली नाही मी हिला. माझ्याकडे पोरीसारखी राहील."

"हो," मी म्हणाले.

"आणि रागावू नकोस, केलिन. तू तिच्याकडे बघतेस ना, ते कापडाकडे बघितल्यासारखं बघतेस. किती आहे, कुठे कापायचं."

केलिन म्हणजे सून, त्या मला अशीच हाक मारतात. मी रागावले नाही. कदाचित तसंच असेल, असं मला वाटलं. पण मग मी कापडाकडे कशी बघते याचाही विचार केला. जे कापड कोणालाच नको असतं ते मी हातात घेऊन किती वेळ बसते, हे आपांना माहीत नव्हतं. ते बोलून दाखवावं अशी त्या वेळी काही ती गोष्ट वाटली नाही.

"एक पिशवी शिव तिच्या कपड्यांसाठी," आपा म्हणाल्या. "नायलॉनच्या गोणीत घालून नात आणली तर गाव नावं ठेवेल. आई पिशव्या शिवते आणि पोरगी गोणीत! मोठी शिव. हिवाळ्याचं सगळं बसलं पाहिजे."

*

मी ती पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी शिवायला घेतली. आपांची गाडी त्याच्या पुढच्या सकाळी होती.

कुंदुझ माझ्याजवळ बसून तुकडे देत होती. मी लाल मखमल मागितलं की ती लाल मखमल द्यायची. आज तिने पहिल्यांदाच स्वतःहून तुकडे निवडले. निळे, सगळे निळे. मधोमध एक पांढरा.

"हे शिंगराचं कपाळ," ती म्हणाली.

"निळं शिंगरू?"

"आई, तू पाहिलंय का ते? मग?"

मी निळे जोडले. कुराकमध्ये मुलांच्या वस्तूंवर ताईताचा त्रिकोण घालतात, दृष्ट लागू नये म्हणून. तोही घातला. अस्तराला गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड घेतलं, ते लवकर झिजत नाही. आत दोन खिसे केले. एक मोज्यांचा, दुसरा कसला हे ठरवलं नाही. गुडघा दाबत होते, मशीन चालत होतं. एल्दियार आपांच्या पाठीवर बसून घोडा घोडा करत होता आणि आपा, सहासष्ट वर्षांच्या, फरशीवर रांगत होत्या. मध्येच त्या थांबायच्या आणि एक हात गुडघ्यावर दाबायच्या.

पट्टा कापायच्या वेळी मी उठून उभी राहिले. फीत खांद्यावर टाकली, कंबरेच्या हाडाखाली बोट ठेवलं, तिथे खडूची खूण केली. पट्टा नेहमी असाच मापते. कापला, दुमडला, दोन्ही टोकांना चौकोनात फुली मारून पक्का केला. ओझ्याच्या पिशवीला तसंच शिवावं लागतं.

"दाखव," आपा म्हणाल्या. त्यांनी एल्दियारला उतरवलं, पिशवी खांद्याला लावली आणि आरशापुढे गेल्या. आपा ठेंगण्या आहेत, माझ्या खांद्याइतक्या. पिशवी त्यांच्या गुडघ्यावर आपटली. त्या दोन पावलं चालल्या. पिशवी दोनदा आपटली.

"हा पट्टा तुझ्या मापाचा झालाय."

"हो."

"कमी कर."

मी पिशवी हातात घेतली. पट्टा कमी करणं काहीच कठीण नव्हतं. टोक उसवायचं, वीतभर आत घ्यायचं, पुन्हा चौकोन आणि फुली. चहा निवायच्या आत झालं असतं. आपांनी पाच लेकरांचे कपडे हाताने शिवलेत, त्यांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. मी उसवणी उचलली. तिचं टोक टाक्याखाली घातलं. टाका तुटला नाही, कारण मी हात पुढे ढकलला नाही.

"कमी करणार नाही," मी म्हणाले.

"का? कापड कमी पडतं का?"

"नाही. ही पिशवी मी उचलणार आहे. कुंदुझला मी तुमच्याकडे घेऊन येईन आणि मीच परत आणेन. शाळांना सुट्टी लागली की. ती इथे राहील."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. आपांच्या तोंडावर मी असं बोलतेय याचं मला भय वाटायला हवं होतं. ते कुठे आहे ते मी पाहिलं. सापडलं नाही. पण ते नव्हतं म्हणून बोलणं थांबवायचं, असंही नव्हतं.

"उलारने शब्द दिलाय," आपा हळू म्हणाल्या.

"उलारने दिलाय."

"तुला ती नकोच आहे, केलिन. मी दोन दिवस बघतेय. तुझ्या डोळ्यांत पाणी नाही आलं एकदाही."

"नाही आलं."

"मग?"

"मग काही नाही. ती इथे राहील."

आपा पलंगावर बसल्या. बसताना एक पिशवी दबली, ती त्यांनी खालून ओढून बाजूला ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवून घडी सरळ केली.

"मी त्या घरात तीन खोल्या झाडते," त्या म्हणाल्या. "रोज. कोणी पायसुद्धा टाकत नाही तिथे. तरी झाडते."

मी चहा ठेवला.

*

सकाळी आपा गेल्या. जिन्यात मी त्यांचं सामान उचललं, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. आशीर्वादाला तळहात उचलले नाहीत. एल्दियारच्या डोक्याचा मुका घेतला. कुंदुझचा दोनदा घेतला.

कुंदुझ माझ्या शेजारी कोट घालून उभी होती. नवी पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. काल तिच्यासमोरच बोलणं झालं होतं, पण गाडीचं दार लागेपर्यंत तिला ते कळलंच नाही.

"आई, मी?"

"तू नाही."

"पण शिंगरू?"

"सुट्टीत जाऊ."

आधी तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी फेकली आणि माझ्या मांडीवर मुठी मारायला लागली. "तू वाईट आहेस! तू वाईट आहेस!" खिडकीतून सादात एजे बघत होत्या, खाली बाकावरच्या बायका बघत होत्या. मी एका काखेत एल्दियारला आणि दुसऱ्या हातात तिला धरून तीन जिने चढले. ती सबंध वेळ ओरडत होती. वर आल्यावर जमिनीवर आडवी पडून रडली. मी तिच्याशेजारी खाली बसले. तिची पाठ हलत होती, तिच्यावर हात ठेवला. तिने झटकला. पुन्हा ठेवला.

तिला आपांकडे जायचं होतं आणि मी जाऊ दिलं नव्हतं. मला नक्की काय हवं होतं हे मला अजूनही नीट सांगता आलं नसतं. मांडी मात्र दुखत होती, जिथे तिने मारलं होतं तिथे.

दुपारी फोन वाजला. आपा होत्या.

"पोचले," त्या म्हणाल्या. मी सलाम केला, त्याला उत्तर आलं नाही. "तिला दे."

मी फोन कुंदुझला दिला. तिचे डोळे सुजले होते. सुरुवातीला ती नुसती ऐकत होती, नाक ओढत. मग म्हणाली, "नाही, तपकिरी नाही ठेवायचं नाव, ते रंगाचं नाव असतं." मग टेबलाखाली जाऊन बसली, पेडलच्या बाजूला, आणि तिथून बोलत राहिली. पांढरा ठिपका गोल आहे का, ते रात्री कुठे झोपतं, त्याची आई त्याला लाथ मारते का. मी मशीन चालू केलं नाही, तिला ऐकू आलं नसतं म्हणून. एल्दियारला मांडीवर घेऊन बसले.

पुष्कळ वेळाने टेबलाखालून हात बाहेर आला आणि फोन माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी कानाला लावला. आपांनी तो आधीच ठेवून दिला होता.