बॅगेजवळ कोण बसणार

मित्रांनो, मी चाकांची एक जुनी बॅग आहे. रंगाने निळी आणि स्वभावाने डूख धरणारी. बॅगेने कशाला डूख धरावा, असे तुम्ही म्हणाल. आधी माझी गोष्ट ऐका आणि मग ठरवा.

कारखान्यात माझी शिवण दुहेरी घातली होती. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. त्यांनी मला कधी गच्च भरले नाही. प्रवासाहून आल्या की त्या माझी चाके पुसत, चेनवर मेणबत्ती फिरवत आणि मला कपाटावर ठेवत. "बॅग अजून नवीच दिसते हो," असे पाहुणे म्हणत, तेव्हा मी मनात फुगत असे. अशी कितीतरी वर्षे मानात गेली.

मग बाईंची भाची मला मागायला आली. कॉलेजात ती सगळ्यांवर हुकूम सोडायची, म्हणून तिला कलेक्टर म्हणत. "चारच दिवस दे, आत्या. फुलासारखी जपेन," ती म्हणाली. बाईंनी विश्वास ठेवला, मीही ठेवला.

कलेक्टर, तिच्या मैत्रिणी असलेल्या दोघी बहिणी आणि मुंगी, अशा चौघी मोठे शहर बघायला निघाल्या होत्या, तेही अगदी स्वस्तात. मुंगी लहानखुरी आणि अबोल होती, म्हणून तिला हे नाव. चौघींत एकच बॅग न्यायची, ही कलेक्टरची काटकसर. बूट, ओले टॉवेल, बिस्किटांचे पुडे, सगळे माझ्यात कोंबले. चेन लागेना, तेव्हा दोघी बहिणी खुशाल माझ्यावर बसल्या आणि कलेक्टरने हिसका देऊन चेन ओढली. माझी शिवण तिथे पहिल्यांदा उसवली. ते मी विसरलेले नाही.

लॉजही तसलेच निवडले होते. एका खोलीत ओळीने खाटा आणि भिंतीवर पाटी, 'सामानाची जबाबदारी आमची नाही'. त्यामुळे मी दिवसभर त्यांच्याबरोबर आणि मला ओढायला मुंगी. राजवाडा असो की उंच मनोरा, मोठी बॅग आत नेऊ देत नसत. सामान ठेवण्याच्या खोलीला पैसे पडतात म्हटल्यावर कलेक्टर नाक मुरडायची.

"बॅगेजवळ कुणीतरी बसायला हवं. मुंगे, तू बस ना. तुला कुठे फोटोंची हौस आहे?"

मुंगी बसायची. तिघी बाहेर आल्या की कलेक्टर म्हणायची, "काही विशेष नव्हतं गं. तुझं काही बुडलं नाही." मुंगी मान डोलवायची. पण तिघी आत असताना ती माझ्यावर हनुवटी टेकून बसायची, तेव्हा तिचे डोळे मी पाहिले आहेत. तिला या शहरात एकच गोष्ट बघायची होती, संग्रहालयात छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा. लहानपणी एका पुस्तकात तिने त्याचे चित्र पाहिले होते. "शेवटच्या दिवशी संग्रहालय. तेव्हा तू आत," असे कलेक्टरने तिला कबूल केले होते.

मला राग आवरेना. एका पुलाच्या पायऱ्यांवर मी मुद्दाम चाक अडकवून घेतले. पण तोल गेला तो मुंगीचा, आणि गुडघा फुटला तोही तिचाच. कलेक्टर पुढे आइस्क्रीम खात चालली होती. दांडी जिच्या हातात, मार तिलाच, हे मला तिथे कळले. मी दात आवळून गप्प बसले. चेनच्या बॅगेला दात भरपूर असतात, मित्रांनो.

शेवटच्या दिवशी चौघी संग्रहालयाच्या दारात पोहोचल्या, पण कलेक्टरच्या खरेदीपायी फार उशीर झाला होता. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "तिकीट खिडकी आता बंद होईल. जायचं तर लगेच जा. आणि ही बॅग बाहेर."

कलेक्टरने मुंगीकडे पाहिलेही नाही. "आम्ही पटकन जाऊन येतो. मुंगे, तू..."

"आज मी जाणार होते," मुंगी म्हणाली.

"अगं, हाडंच तर आहेत. मी फोटो काढून आणते ना."

असे म्हणून कलेक्टरने फोटोसाठी कंगवा हवा म्हणून मला पायरीवर आडवे पाडले. कमरेपर्यंतचे आपले लाडके केस तिने मोकळे सोडून विंचरले, कंगवा आत फेकला, माझ्या पोटावर गुडघा रोवला आणि वाकून चेन ओढली. खांद्यावरून केसांची जाड बट खाली घसरली. मी तिची वाटच पाहत होते. कचकन धरली आणि अशी रुतवली की चेनचा रनर मागेही जाईना नि पुढेही.

कलेक्टर किंचाळली. दोघी बहिणींनी ओढाताण केली, मी आणखी आवळले. पहारेकऱ्याने कात्री आणून दिली, तर ती हात जोडून म्हणाली, "केस नको, प्लीज."

मुंगी उभी होती. तिने एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा कलेक्टरकडे.

"मी जाते. तू बस," ती म्हणाली.

"मला असं टाकून?"

"माझं तरी दुसरं काय केलंत चार दिवस?"

ती आत गेली. दोघी बहिणी क्षणभर घुटमळल्या आणि तिच्या मागे पळाल्या. कलेक्टर माझ्यावर डोके टेकून पायरीवर बसून राहिली. येणारे-जाणारे तिला बघत होते. मला जराही दया आली नाही.

दारे बंद व्हायच्या वेळी मुंगी बाहेर आली. तिचे डोळे ओले होते आणि चेहरा उजळला होता. "काय होतं एवढं?" कलेक्टरने चिडून विचारले.

"त्याच्या बरगड्यांखाली उभी राहिले होते," मुंगी म्हणाली. शेवटी कात्रीच चालवावी लागली.

मित्रांनो, वस्तू मागून आणाल तर जपून वापरा. जो मुकाट्याने ओझे ओढतो त्याला रोज दाराबाहेर बसवू नका. एवढे सांगून मी थांबणार होते. पण बाईंनी माझी चेन नुकतीच बदलून आणली आहे, आणि काल कलेक्टर मला पुन्हा मागायला आली होती; बाईंनी होही म्हटले. नव्या सहलीत मुंगी नाही. तिने यायला साफ नकार दिला. दोघी बहिणींनी आपापल्या बॅगा घेतल्या आहेत.

म्हणजे या वेळी दांडी कलेक्टरच्याच हातात असेल. आणि त्या शहरात म्हणे पायऱ्या फार आहेत.